चंगळीवरून वाद

ता. ६ फेब्रुवारी

ताई,

पाकीट उघडलंस ना? बास, मग जिंकले मी. फोन केला की तू "कामात आहे गं, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतेस आणि तुझं ते 'नंतर' काही उगवत नाही. पत्राला असं कसं म्हणशील? ते टेबलावर पडून राहील आणि येता-जाता तुझ्याकडे बघत बसेल.

बातमी अशी, की तुझ्या धाकट्या बहिणीला, जिला तू टकळी म्हणतेस आणि जिचं तोंड बंद करायचा उपाय अजून निघालेला नाही, तिला प्रोजेक्टचा विषय मिळाला! "चंगळवाद समाजाला हितकारक की अहितकारक? एक अभ्यास." त्यातलं 'एक अभ्यास' मॅडमनी घालायला लावलं. त्याशिवाय म्हणे वजन येत नाही. शेवटच्या वर्षाचे निम्मे मार्क या प्रोजेक्टला आहेत, आणि तो चांगला झाला तर मॅडम मला पुढच्या संशोधनासाठी आपल्या हाताखाली घेणार आहेत. हे ऐकून मी विभागाच्या पायऱ्या दोन-दोन करून उतरले आणि शेवटच्या पायरीवर शिपाईकाकांना धडकले. त्यांच्या हातातला चहा माझ्या बाहीवर सांडला. तरी मी हसतच होते.

मॅडमचं उत्तर आधीच ठरलंय: अहितकारक. त्या विद्यार्थिनी असल्यापासून एकच बॅग वापरतात आणि वर्गात ती पुरावा म्हणून उचलून दाखवतात. मला मात्र खरंच माहीत नाही गं. आईचंच बघ ना. रेडीमेड कपड्यांची दुकानं आली तेव्हा तिचं शिवणकाम आटलं, आपण सगळे तोंड पाडून बसलो होतो, आठवतंय? आणि आता लोक घरबसल्या कपडे मागवतात, ते अंगाला बसत नाहीत, की पिशवी घेऊन आईच्या दारात. कुणाची पँट लांब, कुणाची बाही आखूड. अल्टरेशनच्या कामातून तिला मान वर करायला फुरसत नाही. मग हे हितकारक म्हणायचं की अहितकारक? बाबांना विचारलं तर म्हणाले, "मी लिफ्ट दुरुस्त करतो. वर जायचं की खाली, ते आतल्या माणसानं ठरवायचं." असे आपले बाबा. कुठल्याही बाजूला म्हणून सापडायचे नाहीत.

म्हणून तुला विचारतेय. तू तर शत्रूच्या गोटातली! एवढ्या मोठ्या दुकानाच्या काचा सजवतेस, रस्त्यानं चाललेल्या माणसाचे पाय थांबवण्याचा पगार घेतेस. तुझं मत मला पहिल्याच प्रकरणात हवंय.

इथलं सगळं ठीक. आई बरी आहे. हल्ली ती दुपारी दार लावून... जाऊ दे. ते लिहायचं नाही असं ठरलंय.

आणि एक. तू आणि आई पुन्हा बोलायला लागावं, एवढंच मला हवंय. प्रोजेक्टबिजेक्ट सगळं त्याच्यानंतर. हे वाक्य मी लिहिणार नव्हते, पण लिहून झालंय आणि खोडलं तर कागद घाण दिसेल.

तुझी
टकळी


ता. १९ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई!

उत्तर आलं नाही म्हणून मी अजिबात रागावलेली नाही. (खोटं. रागावले होते. पण आता रागवायलाही वेळ नाही.) माझ्या हाती घबाड लागलंय!

मी प्रश्नावली तयार केली. कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्याकडून छापून घेतली आणि आपल्या इमारतीत आणि शेजारच्या दोन इमारतींत घरोघर वाटली. मला वाटलं होतं लोक दारातूनच घालवून देतील. उलट लोकांनी बसवून घेतलं, पाणी दिलं आणि भरभरून लिहिलं! पहिला प्रश्न: आपल्या घरात याचं प्रमाण किती? कधीच नाही, क्वचित की वारंवार? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर 'वारंवार'. दुसरा प्रश्न: याचा घराला आणि समाजाला फायदा होतो का? आणि ताई, बहुतेकांनी लिहिलंय, होतो!

मॅडमच्या सगळ्या व्याख्यानांवर पाणी! एवढी पुस्तकं म्हणतात माणूस चंगळीनं पोकळ होतो, आणि इथं माणसं स्वतःच्या हातानं लिहून देतायत की फायदा होतो. आणि काय तो प्रामाणिकपणा! शेवटी 'आणखी काही सांगायचे असल्यास' म्हणून मी दोन रेघा मोकळ्या सोडल्या होत्या. त्यात काय-काय आलंय बघ. बेकरीवाल्या काकू: "फायदा होतो, पण मुलांसमोर नको." तळमजल्यावरचं नवं जोडपं: "आमच्याकडे फक्त रविवारी." दातांच्या डॉक्टरांकडे काम करणारी मदतनीस: "घरी एकटीच असते, त्यामुळे बाहेर करावा लागतो." आणि आपले भूगोलाचे मास्तर, आता निवृत्त झालेत, त्यांनी तर कमालच केली: "पूर्वी फार व्हायचा. आता वयानं दम लागतो. शिवाय हा एकट्याने होत नाही, दोघे लागतात."

दोघे लागतात! ताई, विकणारा आणि घेणारा! केवढा खोल विचार! मी तो मोठ्या अक्षरात लिहून प्रकरणाच्या सुरुवातीला टाकलाय. वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं की माझे निष्कर्ष खळबळजनक आहेत. हाच शब्द वापरला.

प्रश्नावल्यांसाठी आईनं मला कापडी पिशवी शिवून दिलीय. पिशवीवर बदक आहे. बदक कुठून आलं ते विचारू नकोस, मी सांगणार नाही.

उद्या सगळं मॅडमना दाखवणार. माझे पाय जमिनीवर नाहीत.

तुझी खळबळजनक
टकळी


ता. २४ फेब्रुवारी

ताई,

आधी शपथ घे की हसणार नाहीस. घेतलीस? ऐक.

मॅडमनी निष्कर्ष वाचले, मग मोकळ्या रेघांमधलं वाचलं, मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "हे 'मुलांसमोर नको' म्हणजे काय?" मी सुरू केलं, "मॅडम, पालक आपल्या खरेदीबद्दल अपराधी..." "आणि 'वयानं दम लागतो'? खरेदीनं?" मी म्हटलं, "मॅडम, दुकानात खूप चालावं लागतं..." माझाच आवाज मला बारीक ऐकू यायला लागला होता. त्यांनी प्रश्नावली माझ्यासमोर ठेवली आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं.

चंगळ वाद.

दोन शब्द, ताई! मध्ये मोकळी जागा! मी लिहून दिलं होतं 'चंगळवाद', मार्क्सवाद, भांडवलवाद असतो तसा. छापून आलं 'चंगळ वाद'. तशीच धावत टायपिंगवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटरवर त्या शब्दाखाली लाल रेघ येत होती. दोन शब्द केले की जाते." त्यानं माझ्यावर उपकारच केले होते, पैसे न घेता. आणि मी घाईत एकदाही वाचून बघितलं नाही.

तरी मनात म्हटलं, एवढे सगळे कसे चुकतील? बेकरीत गेले. काकू पावाचे ट्रे बाहेर काढत होत्या. विचारलं, "काकू, तुम्ही लिहिलंत ना, चंगळवाद, तो म्हणजे काय हो?" त्या म्हणाल्या, "अगं म्हणजे चंगळीवरून होणारा वाद! ह्यांनी मोठा टीव्ही आणला, मी म्हटलं भिंत तरी मोठी आणायची होती. झाला वाद. तूच तर विचारलंस घरात किती वेळा होतो म्हणून. मला तर इतकं बरं वाटलं, कुणीतरी विचारलं!"

कपाळावर हात मारला मी. त्यांनी सगळ्यांनी मला खरं तेच सांगितलं होतं, फक्त भलत्याच प्रश्नाचं. घरात भांडणं वारंवार होतात आणि झाली की मन मोकळं होतं, हा माझा खळबळजनक निष्कर्ष! दोघे लागतात!

मॅडमचा हुकूम: सगळं रद्द, नव्याने प्रश्नावली, नाहीतर प्रोजेक्ट नापास. मी ग्रंथालयात खिडकीशी बसून रडले. मग डोळे पुसून, करायला काही नाही म्हणून पुन्हा ते कागद वाचायला लागले आणि ताई, हसून हसून पुरेवाट झाली. ग्रंथपालांनी दोनदा टेबल वाजवलं. आणि हसता हसता एकदम डोक्यात आलं, की अगं, हाच तर प्रोजेक्ट आहे! वस्तूनं समाजाचं भलं होतं की वाईट, हे समाजाला विचारून काय कळणार? वस्तू येते ती घरात. आली की तिथं काय होतं ते ह्या लोकांनी लिहून दिलंय, आणि तेही न मागता.

तशीच उठून मॅडमच्या खोलीत गेले. त्या म्हणाल्या, "भांडण हा विषय नसतो." मी म्हटलं, "मॅडम, घराघरात होतं ते." त्यांनी कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, "महिनाभर देते. पण नुसते किस्से आणू नकोस. त्या किश्शांत एक काहीतरी समान दाखव. नाही दाखवता आलं तर नापास, आणि मी मध्ये पडणार नाही."

दाखवणार! मला अजून माहीत नाही काय, पण दाखवणार!

तुझी हास्यास्पद
टकळी


ता. १० मार्च

ताई!!

तुझं पत्र! तुझं! दोनच ओळी, पण तुझ्या हातच्या! "तुझ्या भूगोलाच्या मास्तरांनी मला काचेच्या आत, पुतळ्याला टोपी घालताना, रस्त्यावरच्या लोकांसमोर हसवलं. पुढे काय झालं ते कळव." मी ती चिठ्ठी जिन्यातच चारदा वाचली. घरात आले तेव्हा आईनं तोंड बघूनच विचारलं, "कुणाचं?" म्हटलं, "ताईचं." तिनं कात्री खाली ठेवली. "बरी आहे?" "बरी आहे." मग कात्री उचलली आणि कामाला लागली. एवढंच बोलली, पण ताई, ती हातातलं काम थांबवून कधी कुणाशी बोलते का?

तर पुढे काय झालं. मी पुन्हा घरोघर गेले, ह्या वेळी कागद न नेता. नुसतं विचारलं, "शेवटचा वाद कशावरून झाला?" आणि लोक जे सुटले म्हणतेस! बेकरीवाल्या काकूंचा टीव्ही. तळमजल्यावरच्या नवऱ्यानं आणलेली व्यायामाची सायकल, जिच्यावर आता टॉवेल वाळतात. मास्तरांच्या बायकोनं त्यांचा जुना रेडिओ भंगारात दिला म्हणून मास्तर सबंध आठवडा तिच्याशी शुद्ध पुस्तकी भाषेत बोलले. दातांच्या डॉक्टरांकडची मदतनीस म्हणाली, "मी लाल बूट घेतले. घरी कुणी बोलणारं नाही, म्हणून दुकानदाराशीच भांडून आले. जरा बरं वाटलं."

आणि गंमत बघ. सगळ्यांना वस्तू आवडलेली असते! काकू रोज त्याच टीव्हीवर मालिका बघतात. मास्तरांना आता सुनेनं दिलेला छोटा रेडिओ जास्त स्पष्ट ऐकू येतो, हे त्यांनीच मला कबूल केलं. काकूंकडे पीठ मळायचं मोठं यंत्र आलं तेव्हा मात्र वाद झाला नव्हता. त्यामुळे त्यांचं काम वाढलं, हाताखाली एक बाई ठेवली, त्या बाईचं घर चालतंय. फायदाच फायदा. मी विचारलं, "मग टीव्हीवरून वाद झाला आणि यंत्रावरून का नाही?" काकू म्हणाल्या, "अगं, यंत्र आणायच्या आधी ह्यांनी मला विचारलं होतं. आम्ही दोघं जाऊन बघून आलो."

ताई, मी त्यांच्या दुकानातच उडी मारली. नंतर मी माझ्या सगळ्या टिपणांत हा एकच शब्द शोधत सुटले. "न विचारता आणलं." "न विचारता दिलं." "मला कुणी विचारलंच नाही." जिथं दोघं आहेत त्या प्रत्येक घरात! महाग-स्वस्त, हवं-नको, चंगळ-गरज, त्याचा काही संबंधच नाही. न विचारता, हाच एक शब्द! मॅडमना हवी होती ती समान गोष्ट सापडली!

हे लिहिताना मला आपल्या घरातल्या वादाची आठवण झाली नाही, असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस. मीही नाही ठेवणार. तू आईसाठी ते शिवणाचं मशीन आणलंस त्या दिवशी मी तुझ्या बाजूनं होते. आज मला नक्की कळत नाहीये मी कुणाच्या बाजूनं आहे.

तुझी
टकळी


ता. २१ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. ह्या वेळी दोन ओळी नव्हत्या.

तू म्हणतेस, "तुझ्या प्रोजेक्टमध्ये मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नकोस. आईचे गुडघे दुखत होते. पायमशीन चालवून रात्री ती पाय चोळत बसायची, ते मी बघितलंय. मी माझ्या पगारातून मशीन आणलं, लाल रिबन बांधली, आणि तिनं एवढंच म्हटलं की तिला चंगळ करायला वेळ नाही. ते नवं मशीन आता कुठंतरी चादरीखाली धूळ खात पडलं असेल."

खरंय. चादरीखालीच असतं. पण धूळ खात नाही.

आता बोलतेच. आईला ते मशीन प्रचंड आवडतं! दुपारी दार लावून ती त्याच्यावरच बसते. पाय मारावा लागत नाही, गुडघे केव्हाच थांबले दुखायचे. आणि त्याच्यात ती नक्षीची बटणं आहेत ना, एक दाबलं की फूल, एक दाबलं की बदक? ताई, आपल्या घरात बदकांचा सुळसुळाट झालाय. उशीच्या अभ्र्यावर बदक, माझ्या पिशवीवर बदक, बाबांच्या कामाच्या शर्टाच्या खिशावर बदक! बाबा तो शर्ट घालून लिफ्टच्या खोलीत जातात आणि ब्र काढत नाहीत. दारावर थाप पडली की आई चादर टाकते. मला आणि बाबांना तंबी होती: तिला कळवायचं नाही.

मग चिडली कशावर होती? तुझं पत्र आलं त्या दिवशी मी प्रोजेक्टसाठी म्हणून तिला समोर बसवलं. म्हटलं, "आई, सगळ्यांना विचारलं, तुला विचारायचं राहिलं." तर म्हणते, "आमच्याकडे वाद नाही." मी तरी वही उघडीच ठेवली. तिनं एका पँटीची शिवण उसवायला घेतली आणि मान खाली घालूनच बोलायला लागली. जमेल तसं जसंच्या तसं लिहिते.

"मशीन वाईट आहे असं मी कधी म्हटलं? मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, ने बाई ते जुनं. मी दोरे आणायला गेले, परत येते तर जुनं गायब. म्हणे 'जुनं द्या, नवीन घ्या'. अगं, त्याचा खण तरी रिकामा करू द्यायचा! खणात त्या बँकेतल्या बाईंच्या कोटाची बटणं होती. आतलं अस्तर बदलायचं म्हणून काढून ठेवली होती मी. त्यांच्या आईच्या कोटावरची होती ती, हाडाची, तशी आता मिळत नाहीत. तुझे बाबा दुकानात जाऊन आले, तर तोवर सगळं भंगारात गेलेलं. एवढी वर्षं काम केलं, गिऱ्हाइकाची टाचणीसुद्धा हरवली नाही माझ्या हातून. त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली मी. नुसतं 'असू दे' म्हणाल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत."

मी विचारलं, "मग हे ताईला का नाही सांगितलंस?"

"कशी सांगू? एवढ्या हौसेनं आणलं होतं पोरीनं. दिवा लावून, रिबन बांधून, काच सजवतात तसा सगळा कोपरा सजवला होता. बटणांचं कळलं असतं तर जन्मभर मनाला लावून घेतलं असतं तिनं. त्यापेक्षा आई हेकट आहे असं वाटू दे, म्हटलं. मग ती 'भंगार होतं ते' म्हणाली आणि माझ्या तोंडून ते चंगळीचं निघून गेलं. ती बॅग भरून निघाली तेव्हा वाटलं, चार दिवसांनी फोन करेल. तिलाही वाटलं असेल मी करेन."

ताई, मला रडू आवरेना, आणि मी रडतेय बघून आई माझ्यावरच ओरडली की पँटीवर डाग पडतील.

मग मी तिला विचारलं, "हे मी ताईला लिहू का?" विचारलं, कळलं का! संशोधनातून काहीतरी शिकलेय मी! ती उसवलेले दोरे वेचत बसली आणि शेवटी म्हणाली, "लिही. पण नीट लिही. तिचा दोष असल्यासारखं लिहू नकोस."

नीट लिहिलं का मी? आणि आता तुला विचारते. आपला हा वाद प्रोजेक्टमध्ये घालू का? नाव नाही, गाव नाही, फक्त 'एक घर' म्हणून. नको म्हणालीस तर नाही घालणार. मार्क गेले तर गेले. पण उत्तर दे गं.

तुझी
टकळी


ता. ६ एप्रिल

ताई!

दम लागलाय, अक्षर माफ कर. सगळं क्रमानं सांगते नाहीतर माझाच गोंधळ होईल.

तुझा "घाल" असा एका शब्दाचा निरोप फोनवर आला तेव्हा मी शेवटचं प्रकरण लिहायला बसले होते. घातलं. 'एक घर' म्हणून, बटणांसकट. आज तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक, जाड भिंगांचा चष्मा, चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला: "तुमच्या विषयाचं शीर्षक आहे चंगळवाद आणि आत सगळी भांडणं. हे कसं?" मनात म्हटलं, आता काय होईल ते होवो, आणि लाल रेघेची सगळी गोष्ट सांगून टाकली. मास्तरांपाशी आले, "दोघे लागतात" म्हटलं आणि परीक्षक जे हसायला लागले, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले! मॅडम खाली बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "ते सगळं ठीक. पण उत्तर काय? हितकारक की अहितकारक?"

मी म्हटलं, "सर, बेकरीतल्या यंत्रानं एका बाईचं घर उभं राहिलं आणि टीव्हीवरून त्याच घरात वाद झाला. दोन्ही विकतच आणलेलं. वस्तूत हित-अहित मला सापडलं नाही. ज्याच्यासाठी वस्तू आणली त्याला कुणी माणूस म्हणून मोजलं का, तिथं ते सापडलं. सबंध समाजाचं मला सांगता येणार नाही, मी तीनच इमारती फिरलेय." त्यांनी 'एक घर' असलेलं पान उघडलं आणि बटणांचा भाग पुन्हा वाचला. मग नुसते "हं" म्हणाले. मला वाटलं, गेलं सगळं.

पास! ताई, पास, आणि पहिल्या वर्गात! बाहेर आल्यावर मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "जूनपासून ये माझ्याकडे." आणि मग आजूबाजूला बघून, हळूच, "माझ्या घरी ह्या बॅगेवरून वारंवार होतो."

घरी धावत सुटले. कोपऱ्यावर टायपिंगवाल्याला ओरडून सांगितलं, त्याला काही कळलं नाही, तरी तो खूश झाला. आणि जिन्यात असताना फोन वाजला. तुझा निरोप.

"टकळे, अभिनंदन. रविवारी सुट्टी आहे. आईला विचार, मी आले तर चालेल का?"

तू विचारलंस, ताई! तशीच घरात गेले. आई मशीनवर बसली होती, भर दुपारी, दार उघडं टाकून, चादरबिदर काही नाही. मी पास झाले हे सांगायचंही विसरले. नुसता फोन तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा लावून तुझा निरोप वाचला. एकदा, मग पुन्हा. मशीन थांबलं.

आणि भडकली! अशी भडकली म्हणतेस!

"विचार म्हणजे काय? स्वतःच्या घरी यायला कुणी विचारतं का?"

मी म्हटलं, "आई, अगं पण तूच तर म्हणालीस ना, न विचारता..."

"ते मशीनचं होतं! मशीन आणायचं तर विचारावं माणसानं. पोरीनं घरी यायचं तर यायचं!" तिनं तोंड फिरवलं, दोरा ओवायला घेतला, तो काही केल्या सुईत जाईना. मी ओवून दिला. तो हातात धरून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "गाडी केव्हा पोहोचते तेवढं विचार तिला. बाबा आणायला जातील. नाही, मीच जाते."

तुझी
टकळी